पाचवा उद्गार

शॉमबर्ग, इलिनॉय
१५ जानेवारी १९९६

प्रिय विनीता,
सप्रेम सलाम.

फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू रडायला लागतेस, मग मलाच तुझी समजूत घालावी लागते आणि मूळ भांडण राहून जातं. पत्रात निदान माझं बोलणं पुरं होईल.

काल आपल्या मराठी मंडळीची उपासना होती. नेहमीप्रमाणे लूथरन चर्चचं तळघर, हीटर अर्धवट चालू, सगळे कोट घालूनच बसलेले. आजाऱ्यांसाठी प्रार्थनेची वेळ आली. जगन्नाथ पाळकसाहेब डोळे मिटून म्हणाले, "हे प्रभू, आमची भगिनी विनीता हिने आपल्या थोरल्या बहिणीला स्वतःची किडनी देण्याचा निर्णय घेतला आहे. तिच्या त्यागाबद्दल तुझी स्तुती असो." मी डोळे उघडले. बघते तर सगळ्या बायकांचे डोळे माझ्याआधीच उघडलेले! ज्या थोरल्या बहिणीला किडनी मिळायची ती मी, आणि मलाच ही बातमी पाळकसाहेब देवाला सांगत असताना कळावी?

नंतर पॉटलकच्या जेवणाच्या रांगेत आसावरी म्हणाली, "अहिल्याताई, यू आर सो लकी. माझी बहीण मला साधी रेसिपी शेअर करत नाही." गिरीश तर कोपऱ्यात उभा राहून चक्क डोळे पुसत होता. दीड वर्ष मला डायलिसिसला नेतो आणतो, स्वतःच्या बायकोसाठी कधी रडला नाही. तुझ्यासाठी रडला.

विनीता, आठवड्यातून तीनदा त्या मशीनला मी बांधून घेते. सुया मला टोचतात आणि त्याग तुझा! तपासणी कधी केलीस? कुणाला विचारून केलीस? मी मागितली होती का तुझ्याकडे किडनी? आयुष्यात तुझ्याकडे कधी काही मागितलंय मी?

अनुपरावांना सलाम. हर्षिताला पापा.

तुझी,
आक्का


ईडन प्रेरी, मिनेसोटा
२५ जानेवारी १९९६

प्रिय आक्का,
सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि कपाटात साड्यांखाली ठेवलं, अनुपच्या हाती लागू नये म्हणून. हर्षिताने माझं तोंड बघून विचारलं, "मॉम, इज मावशी मॅड ॲट यू?" मी म्हटलं, मावशी तुझ्या आईवर १९५८ पासून रागावलेली आहे, म्हणजे मी जन्मले तेव्हापासून.

चूक झाली. मी फक्त सुवर्णावहिनींना सांगितलं होतं, तेही "प्रार्थनेत ठेवा" म्हणून. पाळकसाहेबांची बायको म्हणजे गोष्ट तिच्यापाशी राहील असं वाटलं. आपल्या लोकांत प्रार्थनेत ठेवलेली गोष्ट रविवारपर्यंत टिकत नाही, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

तपासणी नोव्हेंबरात इथेच केली. ब्लडग्रुप जुळला, बाकीचंही जुळलं. इथले डॉक्टर म्हणाले, याहून चांगली जुळणी शोधून मिळणार नाही. नाताळात तुमच्याकडे आले होते तेव्हा तुला सांगणारच होते. पण आल्या आल्या तू माझ्या केकला नावं ठेवलीस आणि माझी हिंमत गेली. तू नाही म्हणशील अशी भीती होती.

आक्का, मी तुझ्याकडे आले तेव्हा मला साधा बँकेतला फॉर्म भरता येत नव्हता. तू मला पाच वर्षं घरात ठेवलंस, शिकवलंस, अनुपचं स्थळही तूच आणलंस. मला एवढं एक करू दे. माझ्याकडे दोन आहेत आणि मला एक पुरते. यात त्याग कसला? पाळकसाहेबांना मोठे शब्द आवडतात, इतकंच.

दाजींना सलाम सांग.

तुझी,
विनी


शॉमबर्ग
४ फेब्रुवारी १९९६

प्रिय विनीता,
सलाम.

यात त्याग कसला म्हणे! हेच, अगदी हेच मला सहन होत नाही. त्याग करायचा आणि वर म्हणायचं, छे, मी कुठे काय केलं. लीनतेतसुद्धा पहिला नंबर तुझाच. मी आपली सरळ बाई आहे. मी कुणासाठी काही करते तेव्हा मी केलं असं सांगते.

तुला खरं सांगू? मला तुझा हेवा वाटतो. बावन्नाव्या वर्षी हे लिहायला लाज वाटायला हवी, पण डायलिसिसच्या खुर्चीत चार तास बसलं की लाज वगैरे उरत नाही. नगरला असताना मी पहाटे उठून चर्च झाडायचे, बाकं पुसायचे, आणि तू येऊन एक गीत म्हणायचीस की सगळे म्हणायचे, मास्तरांच्या धाकटीवर देवाचा हात आहे. माझ्या हातात झाडू होता, तो कुणाला दिसला नाही. आई शेवटची आजारी पडली तेव्हा मी हॉस्पिटलमधून बिनपगारी रजा काढून गेले. तिचं सगळं मी केलं. मी नर्स आहे, मला किळस नाही. आणि जायच्या आदल्या दिवशी तिने डोळे उघडून मला विचारलं, "विनी आली का?" तू तेव्हा इथे नोकरीला जात होतीस. तरी तूच.

आता तुझी किडनी घेतली तर पुढचं आयुष्य मी काय असेन? विनीताच्या साक्षीतला पुरावा. तू चर्चमध्ये उभी राहून, देवाने तुझ्याकडून काय करवून घेतलं याची साक्ष देणार, गाणार, आणि मी पहिल्या बाकावर बसून मान डोलावणार. प्रत्येक वाढदिवसाला लोक माझ्याकडे बघून तुझी आठवण काढणार.

माझं नाव यादीत आहे. मेलेल्या माणसाची किडनी मिळेल तेव्हा मिळेल. तो बिचारा निदान साक्ष द्यायला उभा तरी राहणार नाही.

ट्रान्सप्लांटच्या ऑफिसात मी नाही म्हणून कळवलं आहे. विषय संपला.

आक्का


ईडन प्रेरी
२ मार्च १९९६

प्रिय आक्का,
सलाम.

तुझ्या पत्राला लगेच उत्तर लिहिलं नाही. जे लिहिलं होतं ते फाडून टाकलं.

आज वेगळ्याच कारणासाठी लिहिते आहे. ही गोष्ट तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावी. काल पाळकसाहेबांचा फोन आला होता. उत्तम शुक्रवारी तुमच्याकडे दुपारी बारा ते तीन उपासना असते, प्रभूने वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, त्यातला पहिला उद्गार मी घ्यावा असं ते म्हणत होते. "हे बापा, त्यांना क्षमा कर." मी म्हटलं, तो तर आक्काचा असतो. ते म्हणाले, अहिल्याताईंची तब्येत बघता त्यांना छोटा उद्गार दिला आहे, आणि प्रोग्रॅम टाइप करून झाला आहे. आणि म्हणाले, "तुम्ही जे करताय त्याच्यानंतर तुम्हीच बोलायला हवं, विनीताबाई."

तू नाही म्हणाली आहेस हे त्यांना ठाऊक नाही असं दिसतं. तू सांगितलं नाहीस, म्हणून मीही सांगितलं नाही.

काय करू? तू सांग.

तुझी,
विनी


शॉमबर्ग
९ मार्च १९९६

विनीता,

मी काय सांगू? ज्यांचा प्रोग्रॅम आहे त्यांना विचार.

ही मंडळी सुरू झाली ती माझ्या बेसमेंटमध्ये. तेव्हापासून पहिला उद्गार माझा. क्षमेवर मी बोलायचे आणि लोक रडायचे. आता मला पाचवा दिला आहे. "मला तहान लागली आहे." बस, एवढंच वाक्य. त्यावर बोलण्यासारखं काही नसतं म्हणून तो नवख्यांना देतात. गेल्या वर्षी यतीनला दिला होता. कालपरवा पुण्याहून आलेला, कंप्युटरवाला मुलगा. तो त्याने पाणीटंचाईवर बोलून संपवला.

आणि त्यातला विनोद बघ. मला दिवसाला किती पाणी चालतं ठाऊक आहे ना? औषधाच्या गोळ्यांसकट मोजके चार कप. रात्री बर्फाचा खडा चोखत बसते मी. त्या बाईला तहानेवर बोलायला लावलंय. सुवर्णावहिनी मला म्हणते कशी, "ताई, तुम्हाला अगदी योग्य आहे." तिच्या अंगावर ग्लास ओतावासा वाटला, पण ग्लासभर पाणी मला कोण देणार!

तू ये, क्षमेवर बोल. तुझ्या आवाजात छान वाटेल. मी जाईन की नाही ते बघते.

आक्का


ईडन प्रेरी
१९ मार्च १९९६

आक्का,

काल दाजींचा फोन आला होता. तुझ्या हातातली डायलिसिसची शीर बंद पडली, आता मानेत नळी घालून करताहेत, दुसऱ्या हाताच्या शिरा चांगल्या नाहीत, आणि मानेतल्या नळीने कधीही इन्फेक्शन होऊ शकतं. यातलं एक अक्षर तू मला लिहिलं नाहीस. तहानेवर विनोद लिहिलास. यादीतला नंबर यायला किती वर्षं लागतात हे मी तुला सांगायला नको, नर्स तू आहेस. तू मरायला निघाली आहेस, आक्का, आणि ते केवळ मला जिंकू द्यायचं नाही म्हणून.

मग आता माझंही ऐक. तू लिहिलंस ना हेवा वाटतो म्हणून? मला तुझा वाटतो. लहान होते तेव्हापासून. माझ्या अंगावरचा अमेरिकेतला पहिला कोट तू दिलेला. माझी डिग्री तू दिलेली. माझा नवरा तू शोधलेला. हर्षिता झाली तेव्हा सहा आठवडे तू माझ्याकडे राहिलीस, तुला स्वतःचं मूल नसताना माझ्या मुलीला न्हाऊ घातलंस, आणि मला तिला धड धरतासुद्धा येत नव्हतं. अनुपशी भांडण झालं की तोही म्हणतो, तुझ्या आक्काला फोन कर. माझ्या घरातल्या कुठल्याही वस्तूवर हात ठेव, ती तू दिलेली असते. तुझ्यासमोर मी कायम हात पसरून उभी. लोक म्हणतात गाते छान. गाणं ही एकच गोष्ट तुझ्याकडून आलेली नव्हती, म्हणून गात राहिले.

नोव्हेंबरात डॉक्टरांनी जुळतंय म्हणून सांगितलं तेव्हा मी पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून हसले. तू वाचशील म्हणून नाही. आता आक्काला माझ्याकडून घ्यावं लागेल म्हणून. हे पाळकसाहेबांना सांग आणि मग त्यांना म्हणावं माझ्या त्यागाची स्तुती करा.

मी काही लीन वगैरे नाही. मला तुझी बरोबरी हवी आहे. आणि तू जगायलाही हवी आहेस. यातलं कुठलं जास्त, ते मला सांगता येत नाही.

पहिल्या उद्गाराला मी नाही म्हणून कळवलं आहे. त्यांनी तो परत तुला द्यायचं ठरवलंय. घे तुझा. मी येत नाही.

विनी


शॉमबर्ग
८ एप्रिल १९९६, ईस्टरचा सोमवार

प्रिय विनी,
सलाम.

तुझं पत्र मिळाल्यावर मी तीन दिवस एकटीच घरभर फिरत होते. गिरीशला वाटलं, औषध बदललं म्हणून. प्रत्यक्षात मला हसू येत होतं. आमची विनी! देवाचा हात असलेली! मनातून माझ्याइतकीच जळकी निघाली. तुला वाईट वाटेल, पण इतका आनंद मला कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

पाळकसाहेब पहिला उद्गार द्यायला स्वतः घरी आले. मी म्हटलं, तो आसावरीला द्या, तिचं आणि तिच्या बहिणीचं बोलणं बंद आहे, तिला उपयोग होईल. मला माझा पाचवाच राहू द्या.

शुक्रवारी काय बोलायचं ते लिहून नेलं होतं. उभी राहिले, मानेतली नळी स्कार्फने झाकली होती, आणि कागद बाजूला ठेवला. मी जे बोलले ते तुला सांगते, कारण ते तुझ्यासाठीच होतं. म्हटलं, खिळ्यांवर टांगलेला असतानाही प्रभू आधी देतच राहिला. मारणाऱ्यांना क्षमा दिली, शेजारी टांगलेल्या चोराला सुखलोक दिला, आईला आपल्या जागी एक शिष्य मुलगा म्हणून दिला. देणारा माणूस तसा मजेत असतो, मला अनुभव आहे. त्याचा हात वर असतो. पण मग त्याने मागितलं. ज्याच्या मालकीचं सगळं पाणी, त्याने घोटभर काहीतरी मागितलं, आणि कुणाकडे, तर ज्यांनी त्याला टांगलं त्या शिपायांकडे. त्यांनी आंब दिली, म्हणजे आंबलेला द्राक्षारस, स्पंजावर. ती त्याने घेतली. शिपायाचं मन स्वच्छ आहे का, तो दयेनं देतोय की चेष्टेनं, हे त्याने विचारलं नाही. मी स्वतःला लीन समजत आले ते सेवा करते म्हणून. सेवा करताना मी कुणापुढे वाकले नव्हते, उलट सगळ्यांच्या डोक्यावर बसले होते. देवाकडून मिळणारं तारण फुकट आहे असं संडे स्कूलमध्ये मी पोरांकडून घोकून घेतलं. फुकट घेणं इतकं कठीण असतं, हे मात्र मला कुणी शिकवलं नव्हतं.

एवढंच बोलले आणि खाली बसले. कुणी रडलं नाही. यतीन म्हणाला, "काकू, थोडं डिप्रेसिंग झालं यार." असू दे.

विनी, संताची किडनी मला घेता आली नसती. तुझी घेता येईल. तुझं मन जसं आहे तसं असू दे, माझंही काही धुतलेलं नाही. तर आता नीट वाच, मी हे परत लिहिणार नाही. मला जगायचं आहे. मला तुझी किडनी हवी आहे. मी मागते आहे.

देशील का?

तुझी,
आक्का


ईडन प्रेरी
६ जुलै १९९६

प्रिय आक्का,
सलाम.

घरी येऊन दोन आठवडे झाले. बरगडीखालची जखम भरते आहे, पण हसलं की दुखतं, शिंकलं की जीव जातो. दाजी फोनवर सांगतात की तू बागेत फिरतेस, तुझ्या गालांवर रंग आलाय, आणि तुझे सगळे रिपोर्ट चांगले आहेत. ऐकून बरं वाटतं. थोडा रागही येतो.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी तुला व्हीलचेअरवर माझ्या खोलीत आणलं होतं. त्या वेळी मी काय बोलले ते मला आठवतं. तू विसरली असशील असं मी स्वतःला सांगत होते, पण तू काही विसरत नाहीस. तू गुलाबी दिसत होतीस. माझ्या कुशीत जाळ झाला होता, औषध लागू पडत नव्हतं. तू माझा हात धरलास आणि मी ओरडले, "आक्का, मला नाही द्यायची. मला परत दे. परत दे माझी." नर्सला मराठी कळलं नाही हे नशीब. तू माझा हात धरून तशीच बसून राहिलीस, ते तुला न्यायला येईपर्यंत.

गेल्या रविवारी इथल्या चर्चमध्ये मला साक्ष द्यायला बोलावलं होतं. पास्टर म्हणाले, तू आनंदाने दिलेल्या दानाबद्दल सांग. मी उभी राहिले. आनंदाने कुठे? मी तर दुसऱ्याच दिवशी परत मागितली होती. मी खाली बसले. लोकांना वाटलं, भावना अनावर झाल्या. टाळ्या वाजवल्या.

आक्का, मला फार लाज वाटते. तू काही बोल. रागाव तरी.

तुझी,
विनी


शॉमबर्ग
१३ जुलै १९९६

प्रिय विनी,
सलाम.

रागावू कशाला? तुझ्या वॉर्डात जाताना मी सगळं ठरवून निघाले होते. तुझं डोकं दाबेन, तुझ्या नर्सला चार गोष्टी सांगेन, उशी नीट लावेन. तुझं काहीतरी करीन म्हणजे फिटंफाट होईल. आणि तू परत मागितलीस. माझ्याकडे तुला द्यायला काही म्हणजे काही नव्हतं, विनी. जे तू मागत होतीस ते माझ्या पोटात शिवलेलं होतं आणि चालत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी तुझ्याजवळ नुसती बसले.

एक सांगते. तोपर्यंत मला आतून वाटत होतं की तुला जड झालं नसेल. तुझ्याकडे सगळंच जास्तीचं असतं, आवाज, मुलगी, आईची माया, त्यातलं एक उचलून दिलंस. तू लिहिलंही होतंस, माझ्याकडे दोन आहेत म्हणून. पण जास्तीची वस्तू कुणी ओरडून परत मागत नाही. तू ओरडलीस तेव्हा मला कळलं की तू तुझ्या जिवातलं दिलं आहेस. हे कुठल्याही साक्षीतून मला कळलं नसतं.

मिनेसोटात टाळ्या मिळाल्या म्हणतेस. इथे मला कुणी अजून बोलायलाही बोलावलं नाही. जळले मी वाचून, लपवून काय करू?

आणि किडनीचं म्हणशील, तर ती परत मिळणार नाही. कितीही ओरड. माझ्या बहिणीने दिली आहे मला.

तुझी,
आक्का